विद्येला बिऱ्हाड कोठे?

बारावीचा निकाल लागला की कोकणाच्या वाट्याला दरवर्षी कौतुक येते. २०१२ मध्ये कोकण विभागीय मंडळाचा निकाल स्वतंत्रपणे जाहीर होऊ लागला. तेव्हापासून उत्तीर्णांच्या टक्केवारीत हा विभाग राज्यात सातत्याने अग्रस्थानी आहे. वृत्तपत्रांत मथळे झळकतात, शाळाशाळांत सत्कार होतात, चार दिवस पेढे वाटले जातात. पाचव्या दिवसापासून घरोघरी ज्या चर्चेला प्रारंभ होतो, ती मात्र कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही. प्रवेश तर मिळेल. पण पोर राहणार कोठे?

सावंतवाडी तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीकाठी वसलेले आरोंदा हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यास अगदी योग्य स्थान आहे. पलीकडच्या काठावर किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. महाराष्ट्र येथे संपतो आणि उच्च शिक्षणाची वाटही बऱ्याच अंशी येथेच संपते. पदवीपर्यंतचे शिक्षण एस.टी.ने सावंतवाडीला जाऊन-येऊन होते. तेथील श्री पंचम खेमराज महाविद्यालयाने या पंचक्रोशीतील कित्येक पिढ्या घडविल्या आहेत. परंतु अभियांत्रिकीची एखादी विशिष्ट शाखा, विधी, वास्तुशास्त्र किंवा पदव्युत्तर विज्ञान शिकायचे म्हटले, की मुंबई, पुणे, कोल्हापूर अथवा पणजी गाठणे भाग पडते. तेथील वसतिगृहाच्या यादीत नाव लागले तर देव पावला. लागले नाही, आणि बहुसंख्यांचे लागत नाहीच, तर बाप रात्रीच्या कोकणकन्येने पाल्याला घेऊन निघतो आणि अनोळखी शहरात जिने चढू लागतो.

शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील कुटुंबांना त्याचा लाभ मिळतो. निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. तथापि त्याने एक गोष्ट उघडी पाडली. शुल्काचा अडसर दूर झाल्यावरही अनेक मुली जवळच्या महाविद्यालयातील नको असलेल्या शाखेलाच प्रवेश घेतात. त्यांना पुण्यात महाविद्यालय मिळते, खोली मिळत नाही. मिळाली तर परवडत नाही. परवडली तरी आईचा जीव तेथे मुलीला ठेवण्यास धजावत नाही. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय महिला छात्रालयात एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीची हत्या झाली आणि संशय तेथील पहारेकऱ्यावरच आला. त्या बातमीने गावोगावच्या किती मुलींचे शिक्षण तालुक्याच्या सीमेत अडकविले असेल, याची नोंद कोणत्याही खात्याकडे असणार नाही. शासकीय वसतिगृहाची ही स्थिती, तर एखाद्या परक्या इमारतीतील खोलीचे काय, असा प्रश्न आईने विचारला तर तिला भित्री म्हणता येणार नाही.

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत ‘कॉट बेसिस’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. खोली भाड्याने मिळत नाही. खोलीतील एक खाट मिळते. खाटेखाली पेटी, भिंतीवर एक खिळा आणि सामाईक न्हाणीघरापुढे सकाळची रांग. जेवणाला मेस, अभ्यासाला पैसे भरून मिळणारी अभ्यासिका. म्हणजे निजणे एके ठिकाणी, जेवणे दुसरीकडे आणि वाचणे तिसरीकडे, अशा तीन ठिकाणी मिळून एक घर होते. त्यापूर्वी दलालाची एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली आणि मालकाकडची अनामत. वर्ष संपताना ही अनामत परत मागावयास गेले, की रंगरंगोटी, तुटलेला नळ, विजेची थकबाकी अशी वजाबाकी सुरू होते. परीक्षा संपलेली असते, गाडीचे तिकीट काढलेले असते आणि विद्यार्थ्याजवळ भांडायला वेळ नसतो. मालकाला हे ठाऊक असते. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. भ्रमणध्वनीवर सुंदर खोलीचे छायाचित्र येते, ‘आजच आगाऊ रक्कम पाठवा, नाहीतर खोली जाईल’ असे सांगितले जाते आणि पैसे पाठविल्यावर खोलीही नसते व माणूसही नसतो. जागा स्वतः पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये, हे मुलांना घरूनच बजावून सांगितले पाहिजे.

पैशाचा प्रश्न मोठा आहेच. पण दारावर विचारले जाणारे प्रश्न त्याहून बोचरे असतात. गाव कोणते, आडनाव काय, काय खाता? आरोंद्याच्या मुलाने तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले तर खोली जाते आणि खोटे दिले तर सुट्टीहून परतताना आईने दिलेली सुक्या बांगड्यांची पुडी गाडीतच कोणाला तरी देऊन टाकावी लागते. यात थोडे हसू आहे. दुसऱ्या प्रश्नात मात्र हसण्यासारखे काही नाही. आडनाव ऐकल्यावर ‘कालच एकाने ठरवली’ असे सांगणारी दारे सुशिक्षित वस्त्यांत आजही आहेत. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्यांना त्या नगरीत राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला, तर जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावले. एका सार्वजनिक उद्यानात बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि मुंबईची गाडी पकडली. ज्या विद्वत्तेचा एखाद्या राष्ट्राला अभिमान वाटावा, तिला एक खोली मिळू शकली नाही. समरसतेच्या व्याख्यानांना टाळ्या वाजविणाऱ्या गृहस्थाने आपल्या वरच्या मजल्यावरील रिकामी खोली कोणाला नाकारली, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे. समरसतेची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती जिन्यावर होते.

विद्यार्थ्याच्या निवाऱ्याचा विचार महाराष्ट्राने कधी केलाच नाही, असे मात्र नाही. उलट या प्रांताइतका तो क्वचितच कोणी केला असेल. वार लावून जेवणे आणि माधुकरी मागणे या चाली कितीही कष्टाच्या असल्या, तरी गावात शिकावयास आलेले पोर उपाशी राहू नये ही जबाबदारी त्यांत घराघरांनी वाटून घेतली होती. अर्थात ती वाटणी जातीच्या कुंपणाआतच होती, हेही सांगितले पाहिजे. ते कुंपण ओळखूनच राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची मालिका उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. एका पंक्तीला बसण्याची समाजाची तयारी नव्हती म्हणून ती जातवार काढावी लागली. पण खेड्यातील मुलाला शहरात छप्पर मिळाल्याशिवाय शाळा उघडून उपयोग नाही, हे त्या राजाने जाणले होते. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहणे-जेवणे शिकविणारे वसतिगृह उभारले. १९५५ मध्ये डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची स्थापना केली आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलामुलींना अल्प खर्चात निवास, भोजन व संस्कार दिले. या सर्वांत वसतिगृह हा व्यवसाय नव्हता.

सातासमुद्रापलीकडेही हाच अनुभव आहे. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांना गोऱ्या घरमालकिणींच्या दारांत अपमान सोसावा लागे. श्यामजी कृष्ण वर्मांनी त्यासाठी हायगेट भागात घर घेतले आणि १ जुलै १९०५ रोजी तेथे ‘इंडिया हाउस’ सुरू झाले. प्रथमतः ते एक वसतिगृह होते, ही गोष्ट त्याच्या क्रांतिकारी कीर्तीमुळे विस्मरणात जाते. पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल दहा रुपये दंड होऊन फर्ग्युसनच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागलेले विनायकराव सावरकर पुढच्याच वर्षी श्यामजींच्या शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या घरात राहावयास गेले. ते एकत्र राहण्यास घर मिळाले नसते, तर देशोदेशींच्या चिंतेने पेटलेली ती तरुण डोकी एका दिव्याखाली कशी आली असती?

कोकणापुरते बोलायचे तर गावाने आपल्या माणसासाठी केलेली सर्वांत मोठी सोय म्हणजे गिरणगावातील ‘गावची खोली’. लालबाग, परळ, शिवडी, गिरगाव येथील चाळींत गावोगावच्या मंडळांनी एकेक खोली धरली होती. दरमहा वर्गणी, भिंतीला ओळीने लावलेल्या ट्रंका, पाळीनुसार निजणे. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर पडायचा. जेवणाला खानावळ. या खानावळी चालविणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या खोलीत कामगारांच्या बरोबरीने एखादा पोर रात्रशाळेत जाणारा, एखादा महाविद्यालयात शिकणारा असायचाच. त्याच्याकडून कोणी वर्गणी मागत नसे, फार तर त्याने गावाकडची पत्रे वाचून दाखवावी आणि उत्तरे लिहावीत. सज्जातील दिव्याखाली शिकून कित्येक जण शिक्षक झाले, वकील झाले, मंत्रालयात लागले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या आणि गावच्या खोल्यांचे जे झाले ते फारसे कोणी लिहिले नाही. भाडेपावती बहुधा कोणा एका गावकऱ्याच्या नावावर असे. पुनर्विकासात सदनिका पावतीवरील नावाला मिळते, गावाला नाही. काही मंडळांनी जागरूकपणे जागा राखल्या, पुष्कळांच्या सुटल्या. जेथे राखल्या आहेत, तेथेही बऱ्याच ठिकाणी आज मंडळाचा फलक, देवीचे छायाचित्र आणि वार्षिक सभेच्या खुर्च्या एवढेच आहे. अकरा महिने कुलूप असते. त्याच गावची मुले तेव्हा कोठेतरी खाटेचे भाडे भरत असतात.

शासनाने हात झटकले आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली, जनजातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आली, पुढे इतर मागास प्रवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आली. स्वाधार योजनेची रक्कम ठरली तेव्हा मुंबई-पुण्यासाठी वर्षाला साठ हजार रुपये धरण्यात आले. त्यांपैकी भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार. वीस हजारांना बाराने भागले तर महिन्याला १,६६७ रुपयेही होत नाहीत. एवढ्या पैशांत पुण्याच्या पेठेत खाट मिळवून दाखवावी. शिवाय ही रक्कम मागाहून, हप्त्यांनी खात्यावर येते आणि मालकाला अनामत पहिल्या दिवशी हवी असते. योजना आखणारा आणि जिने चढणारा यांची भेट कधी होत नाही, हेच त्याचे कारण असावे. करांच्या बाबतीतही असेच घडले. जुलै २०२३ मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने खासगी वसतिगृहांच्या भाड्यावर १२ टक्के वस्तू व सेवा कर लागतो असे ठरविले. वर्षभराने, जून २०२४ मध्ये परिषदेने दरमहा वीस हजारांपर्यंतच्या आणि सलग नव्वद दिवसांच्या निवासाला सूट देण्याची शिफारस केली आणि तो घोळ मिटला.

कायदा मात्र विद्यार्थ्याच्या बाजूने जितका आहे, तितका तो त्याला ठाऊक नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा घरोघरी सांगितला जाणारा समज या राज्यात चुकीचा आहे. नोंदणी करून घेण्याचे दायित्व मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. इतकेच नव्हे, तर करार नोंदलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे अनामत किती दिली आणि भाडे किती ठरले, हे सांगताना विद्यार्थी असहाय नाही. पैसे बँकेतून द्यावेत, पावती घ्यावी आणि प्रवेशाच्या दिवशी भिंती-नळांची छायाचित्रे काढून ठेवावीत, एवढी दक्षता त्याने घेतली म्हणजे झाले. जून २०२१ मध्ये केंद्राने संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या नमुन्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. हा नमुना असल्याने तो राज्यांनी स्वीकारावा लागतो. गृहनिर्माण संस्थांनीही ध्यानात ठेवावे, की सदनिका भाड्याने दिली म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क आकारता येत नाही, असा शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१ पासून आहे. ‘अविवाहितांना जागा नाही’ असे ठराव करणाऱ्या कार्यकारिणीतील सभासदांची स्वतःची मुले बंगळुरूत किंवा परदेशात कोणाच्या तरी घरी भाड्याने राहत असतात, हा विनोद त्यांच्या लक्षात येत नाही.

आता पुन्हा खाडीकाठी. कारण या प्रश्नाची दुसरी बाजू आरोंद्यासारख्या गावातच आहे. सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, सावंतवाडी-कुडाळ परिसरात अभियांत्रिकी व औषधनिर्माण शास्त्राच्या संस्था आहेत. राज्याच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून तेथे मुले येतात आणि तीही खोली शोधत फिरतात. आणि याच जिल्ह्यात गावोगाव कौलारू घरे बंद आहेत. खळ्यात गवत वाढते, पडवीला वाळवी लागते, पावसाळ्यात एक वासा खाली येतो आणि पुढच्या चतुर्थीला चाकरमानी येऊन त्याला टेकू लावतो. किनाऱ्याजवळची जी घरे उघडी आहेत, ती पर्यटकाला दिवसाच्या दराने देण्याचा मोह मालकाला होतो. त्याला दोष देता येत नाही. हंगामातील चार दिवसांत विद्यार्थ्याच्या महिन्याभराच्या भाड्याएवढे मिळत असेल, तर कोणीही हिशेब करील.

पण बहुसंख्य घरे मोहाने नव्हे, भीतीने बंद आहेत. कोकणात ‘कूळ लागेल’ या दोन शब्दांचा धाक अजून गेलेला नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारा जमिनीचा मालक झाला. न्याय म्हणून ते योग्यच होते. तथापि जमीनधारकांच्या घरांत त्या दिवसाची आठवण अशी राहिली, की एकदा दुसऱ्याला आत घेतले तर वस्तू आपली राहत नाही. शेतजमिनीचा तो नियम घरालाही लागतो, असे आजही पुष्कळांना वाटते. तसा तो लागत नाही. मुदतीचा लेखी परवाना म्हणजे कुळवहिवाट नव्हे. परवान्याने वास्तूत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. त्यापुढची अडचण सामाईक वारसांची. सातजणांच्या नावे असलेल्या घराची किल्ली एकाने परक्याला दिली की उरलेले सहा जण दुरावतात. म्हणून घर पडू देणे सोयीचे ठरते. भावकीतील कटुता टाळण्यासाठी घर वाळवीला द्यायचे, हा व्यवहार कोणत्याही शास्त्रात बसणारा नाही.

विद्यार्थी परिषदेच्या प्रेरणेने १९६६ मध्ये ‘अंतर-राज्य छात्र जीवन दर्शन’ हा प्रकल्प सुरू झाला. ईशान्येकडील युवक-युवती देशाच्या अन्य प्रांतांतील कुटुंबांत येऊन राहतात, तेथल्या माजघरात जेवतात, तेथल्या आईला आई म्हणतात. महाराष्ट्रातील असंख्य स्वयंसेवक कुटुंबांनी हे आतिथ्य आनंदाने केले आहे. पाहुण्याला आठवडाभर ठेवणे आणि विद्यार्थ्याला वर्षभर खोली देणे यांत अंतर आहे, हे मान्य. पाहुण्यापुढे घर आवरून ठेवता येते. भाडेकरू घर जसे आहे तसे पाहतो. परंतु अरुणाचलच्या मुलासाठी जे दार उघडते, ते आरोंद्याच्या किंवा गडचिरोलीच्या मुलासाठी उघडण्यास अधिक हिंमत लागू नये. डोंबिवली, ठाणे, चिंचवड येथील कितीतरी घरांत मुले परदेशी गेल्यावर दोनच वृद्ध जीव उरले आहेत. त्यांना रात्री हाक मारायला कोणी नाही आणि तिकडे मुलाला दार उघडायला कोणी नाही. योग्य भाडे घ्यावे, करार नोंदवावा, पोलिसांना कळवावे. धर्मार्थ काही करण्याची आवश्यकता नाही. दोघांचेही भले व्यवहारातच होईल.

ही जुळणी शासन करू शकणार नाही. गावाची मंडळे करू शकतात, कारण मुलगा कोणाचा आणि घर कोणाचे हे दोन्ही त्यांना ठाऊक असते. मंडळाच्या वहीत तीन याद्या व्हाव्यात. पहिलीत शहरात ज्यांच्याकडे एखादी खोली रिकामी आहे असे गावकरी. दुसरीत मंडळाच्या ताब्यातील जागा आणि तेथे किती मुले राहू शकतील त्याची संख्या. तिसरीत गावातील बंद घरे, वारसांची संमती मिळण्याजोगी. अनामतीसाठी मंडळाने छोटा निधी उभारून तो बिनव्याजी द्यावा आणि मुलाला मालकाकडून रक्कम परत मिळाली की परत घ्यावा. मुलींच्या खोलीला गावातील एखादी वडीलधारी बाई महिन्यातून एकदा तरी भेट देऊन येईल, अशी व्यवस्था हवी. करारनाम्याचा सोपा मराठी नमुना ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांकडून तयार करून घेता येईल.

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या ऑगस्ट उलटेपर्यंत चालतात, म्हणजे या वर्षीची मुले अजून खोल्या शोधत असतील, तेव्हाच चतुर्थीला सारा चाकरमानी गावी येईल. सातही वारस एका घरात एका पंक्तीला असण्याचे वर्षातले तेवढेच दिवस. सभा दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी देवळातच लावावी. गौरी-विसर्जनापर्यंत थांबले, तर निम्मी मंडळी परतीच्या गाडीच्या तिकिटांमागे लागलेली असतात.